‘हे कुठे लिहिले आहे?’

पीएच.डी.ची मौखिकी सुरू असते. समोर मार्गदर्शक आणि बहिःस्थ परीक्षक, मागच्या खुर्च्यांवर विभागातले विद्यार्थी आणि घरची माणसे. चार-पाच वर्षांचे काम जाड पुठ्ठ्यात बांधून टेबलावर ठेवलेले. परीक्षक मधलेच एक पान उघडतात, एका वाक्यावर बोट ठेवतात आणि शांतपणे विचारतात, “हे कुठे लिहिले आहे?”

ज्याच्या तळटीपेत ग्रंथ, आवृत्ती आणि पान आहे तो विद्यार्थी सरळ उत्तर देतो आणि चर्चा पुढे सरकते. ज्याच्याकडे ते नाही त्याला फक्त एक निळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक आठवते. तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा ग्रंथालयात ते वाचलेले असते. नाव आठवत नाही, पान आठवत नाही. वाक्य खरे असू शकते, पण त्या क्षणी ते निराधार झालेले असते.

संदर्भ म्हणजे या प्रश्नाचे आधीच देऊन ठेवलेले उत्तर. आपल्याकडे मात्र संदर्भसूची ही प्रबंधाच्या शेवटच्या आठवड्यात, बांधणीवाल्याकडे जाण्याच्या आदल्या रात्री उरकायची गोष्ट झाली आहे. स्वल्पविराम कुठे, पूर्णविराम कुठे, ठळक अक्षर कुठे, एवढ्यावरच चर्चा थांबते. या चिन्हांमागे एकच हेतू आहे. आपण ज्या वाटेने आलो त्या वाटेने वाचकालाही जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावे. हा हेतू धरून ठेवला की बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप समजतात.

कशाला संदर्भ द्यायचा, कशाला नाही

नवख्या संशोधकाची पहिली अडचण इथेच असते. कोणी प्रत्येक वाक्याला आकडा चिकटवतो, तर कोणी पानेच्या पाने संदर्भाविना लिहून जातो.

महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली, या विधानाला संदर्भ लागत नाही. ते सर्वांना ठाऊक आहे आणि त्यावर वाद नाही. पण संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गिरणी कामगारांचा सहभाग निर्णायक होता, असे लिहिले की ते कोणाचे तरी मत किंवा कोणाच्या तरी अभ्यासाचा निष्कर्ष असतो. तो तुमचा असेल तर पुरावा द्या, दुसऱ्याचा असेल तर त्याचे नाव द्या. शब्दशः घेतलेले वाक्य, आपल्या शब्दांत मांडलेला दुसऱ्याचा विचार, आकडेवारी, नकाशा, तक्ता, छायाचित्र, वर्गीकरणाची पद्धत, एखादी नवी संज्ञा या सगळ्यांना संदर्भ हवा. वाक्य बदलले म्हणजे विचार आपला झाला, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजली आहे. शब्द आपले असले तरी त्यातला विचार उसना असू शकतो, आणि उसने घेतले की सांगावे, हा व्यवहार घरात जसा तसाच ज्ञानातही.

संदर्भ दिल्याने आपले कमीपण दिसते, अशी भीतीही अनेकांना वाटते. प्रत्यक्षात दुसऱ्याचे काय आणि कुठे संपते हे दाखवले तरच आपले काय आणि कुठे सुरू होते ते दिसते. संदर्भांची रेषा आखलेली नसेल तर संशोधकाचे स्वतःचे शोधही गर्दीत हरवतात.

तीन घराणी

जगभर संदर्भ देण्याच्या शेकडो पद्धती आहेत, पण त्यांची मुख्य घराणी मोजकीच.

पहिले घराणे तळटीपांचे. मजकुरात वर छोटा आकडा आणि पानाच्या तळाशी किंवा प्रकरणाच्या शेवटी त्याची टीप. इतिहास, साहित्य, धर्मशास्त्र अशा विषयांना हे मानवते. कारण या विषयांत साधन कोणते एवढे सांगून भागत नाही. त्या साधनाविषयी दोन शब्द बोलावे लागतात. या घराण्याचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने १९०६ साली काढलेली शैलीपुस्तिका. तिच्या आवृत्त्या आजही निघतात, अठरावी २०२४ मध्ये निघाली. त्याच विद्यापीठात केट तुराबियन या बाई १९३० ते १९५८ अशी अठ्ठावीस वर्षे प्रबंध-सचिव होत्या. विद्यापीठात दाखल होणारे प्रबंध त्यांच्या नजरेखालून जात. विद्यार्थी त्याच त्या चुका करतात हे पाहून त्यांनी १९३७ साली एक छोटी पुस्तिका तयार केली. तिचेच पुढे मोठे पुस्तक झाले आणि ‘तुराबियन’ हे एका पद्धतीचेच नाव होऊन बसले.

दुसरे घराणे लेखक आणि वर्ष यांचे. मजकुरातच कंसात आडनाव आणि प्रकाशनवर्ष, आणि पूर्ण तपशील शेवटच्या सूचीत. याचा उगम शोधत गेले की हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ सालच्या लेखापाशी पोहोचता येते. विषय होता बिनशंखी गोगलगायीच्या अंड्यांची वाढ. विज्ञानात आणि समाजशास्त्रात एखादी गोष्ट कधी सांगितली गेली याला फार महत्त्व असते, म्हणून वर्ष डोळ्यांसमोर ठेवणारी ही रीत तिथे रुजली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने १९२९ साली आपल्या नियतकालिकात लेखकांसाठी अवघ्या सात पानांच्या सूचना छापल्या. त्यातून वाढलेल्या ‘एपीए’ पुस्तिकेची २०१९ सालची सातवी आवृत्ती चारशेहून अधिक पानांची आहे. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य, व्यवस्थापन या विषयांत आपल्याकडची बरीच विद्यापीठे हीच पद्धत मागतात.

तिसरे घराणे लेखक आणि पान यांचे. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने १९५१ मध्ये शैलीपत्रक काढले, १९७७ मध्ये त्याचे पुस्तक झाले, आणि ‘एमएलए’ या नावाने ते भाषा-साहित्याच्या विभागांत सर्वत्र पोहोचले. साहित्यकृती कोणत्या वर्षीची यापेक्षा ती ओळ नेमकी कोणत्या पानावर आहे हे साहित्याच्या अभ्यासकाला आधी हवे असते, म्हणून कंसात वर्षाऐवजी पान.

तीन घराण्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. विषयाची गरज वेगळी म्हणून रीत वेगळी. विद्यापीठाने किंवा विभागाने एक पद्धत ठरवून दिली असेल तर ती पाळावी. दिली नसेल तर मार्गदर्शकांशी बोलून पहिल्या महिन्यातच एक निवडावी आणि शेवटच्या पानापर्यंत तीच ठेवावी. परीक्षकाला खरा त्रास होतो तो सरमिसळीचा. पहिल्या प्रकरणात तळटीपा, तिसऱ्यात कंस, आणि सूचीत कुठे वर्ष आधी तर कुठे प्रकाशक आधी असा प्रबंध वाचला की तो तीन वेगवेगळ्या हातांनी लिहिल्यासारखा वाटतो.

मराठी ग्रंथ सूचीत बसवताना

या पुस्तिका रोमन लिपीत वाढल्या. त्यातले नियम जसेच्या तसे मराठीत आणले की अडतात. इथे मराठी संशोधकाला विचारपूर्वक काही गोष्टी ठरवाव्या लागतात.

नावांपासून सुरुवात करू. सूचीत आडनाव आधी आणि मग स्वल्पविराम देऊन नाव किंवा आद्याक्षरे: ‘देशपांडे, पु. ल.’ इतके सरळ असते तर प्रश्नच नव्हता. पण एकाच लेखकाचे ‘विशाखा’ कुसुमाग्रज या नावाने आहे आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकर या नावाने. पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या आतल्या शीर्षकपानावर जे नाव छापले आहे ते घ्यावे आणि सूचीत दुसऱ्या नावापाशी ‘पाहा’ असे लिहून वाचकाला इकडे वळवावे. ज्ञानेश्वर, जनाबाई, चोखामेळा यांना आडनाव लावण्याचा खटाटोप करू नये, नावानेच नोंद करावी. ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘कै.’, ‘ह.भ.प.’ ही आदरवाचके मजकुरात शोभतात, सूचीत ती काढावीत, नाहीतर अर्धी सूची ‘ड’ आणि ‘प’ या अक्षरांखाली जमा होते.

अकारविल्हे लावताना ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांची जागा ठरवावी लागते. काही सूचिकार त्यांना ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात घेतात, काही वर्णमालेच्या शेवटी. दोन्ही चालते, पण ज्ञानेश्वर ‘ज’खाली आणि ज्ञानकोश शेवटी असे नको. संगणकाने लावलेला क्रम एकदा डोळ्यांनी तपासावाच.

इंग्रजीत ग्रंथनाम तिरप्या अक्षरांत छापतात. देवनागरीला स्वतःचे तिरपे वळण परंपरेने नाही, संगणक सरळ अक्षरच कलते करतो आणि ते वाचायला त्रासदायक होते. म्हणून मराठीत ग्रंथनामाला एकेरी अवतरणचिन्ह किंवा ठळक अक्षर वापरण्याची रीत आहे. तीच धरावी.

ग्रंथाचे नाव जसे छापले तसेच लिहावे. राजवाड्यांच्या प्रसिद्ध खंडांचे नाव त्या काळच्या लेखनपद्धतीप्रमाणे ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ असे अनुस्वारांसह आहे. ते अनुस्वार काढून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. जुन्या ग्रंथातले अवतरण घेतानाही हाच नियम. ‘नाहीं’, ‘कांहीं’ हे शब्द तसेच ठेवावेत. त्यात छपाईची उघड चूक असेल तर ती न सुधारता ‘मुळात असेच’ अशी टीप द्यावी.

जुन्या पुस्तकांवर शके असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शकाचे शेवटचे काही महिने पुढच्या इसवी सनात जातात, तेव्हा ७९ मिळवावे लागतात. महिना माहीत नसेल तर ‘शके १८३१ (१९०९-१०)’ अशी जोडनोंद करावी. छापलेला शक पुसून नुसते इसवी सन लिहिले तर मूळ प्रत शोधणारा गोंधळतो.

आवृत्ती हा तपशील नव्हे, पुरावा

मराठी प्रबंधांत सर्वाधिक हेळसांड होते ती आवृत्तीची. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली, पुढे ती मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाकडून येत राहिली. तुमच्या हातात नंतरची प्रत असेल आणि सूचीत तुम्ही १९६३ लिहिले, तर तुम्ही दिलेले पान मूळ प्रतीत सापडणार नाही. हातात असलेल्या आवृत्तीचे वर्ष द्यावे आणि पहिल्या आवृत्तीचे वर्ष सोबत कंसात द्यावे.

महात्मा फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ चे. पण बहुतेक अभ्यासक ते वाचतात ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथात. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेला तो ग्रंथ १९६९ साली आला, आणि पुढे य. दि. फडके यांच्या संपादनाखाली त्याची नवी आवृत्ती निघाली. ‘फुले १९६९’ एवढेच लिहिले तर फुले विसाव्या शतकात लिहीत होते असे वाटेल. ‘फुले १८७३’ एवढेच लिहिले तर पान कोणत्या पुस्तकातले ते कळणार नाही. म्हणून लेखनाचे वर्ष, संग्रहाचे नाव, संपादक आणि हातातल्या आवृत्तीचे वर्ष हे चारही हवेत.

संतवाङ्मयात पानांपेक्षा अध्याय आणि ओवी, किंवा अभंगाचा क्रमांक उपयोगी. पण प्रत कोणती हे न सांगता क्रमांक दिला तर तो पांगळा ठरतो. ज्ञानेश्वरीची राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेली प्रत आणि वारकऱ्यांच्या नित्यपाठातली साखरे प्रत यांत ओव्यांची संख्या आणि पाठ वेगळे आहेत. तुकारामांच्या गाथेचेही तसेच. इंदुप्रकाश छापखान्याच्या गाथेचा पहिला खंड १८६९ मध्ये निघाला. तिच्यातला अभंग क्रमांक दुसऱ्या गाथेत घेऊन गेलात तर भलताच अभंग समोर येतो.

पाठ आणि प्रत यांबद्दल किती काटेकोर राहता येते याचे उदाहरण पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये पुरे केले. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. त्या आवृत्तीचे कोणतेही पान उघडा. वर श्लोक दिसतात आणि खाली कोणत्या हस्तलिखितात कोणता शब्द आहे याच्या बारीक टिपांची दाट वीण दिसते. संपादकांनी निवडलेला पाठ तुम्हाला पटला नाही तर दुसरा निवडण्याची सगळी सामग्री तिथेच पानाच्या तळाशी आहे. वाचकाला आपल्याशी असहमत होण्याची साधने आपणच पुरवायची, इतका मोठा विश्वास त्या तळटीपांत आहे. पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास याच वृत्तीने लिहिलेला आहे, आणि शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ही. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची नोंद करणारा तिचा पहिला भाग १९४३ मध्ये आला. आज कोणाही मराठी संशोधकाची संदर्भसूची दात्यांच्या त्या कष्टांवर कुठेतरी टेकलेली असते.

जे वाचले तेच सांगावे

संदर्भाच्या बाबतीतली सर्वांत मोठी नैतिक चूक बाहेरून दिसत नाही. ती म्हणजे न वाचलेल्या ग्रंथाचा संदर्भ देणे. एका पुस्तकात दुसऱ्या पुस्तकाचा उल्लेख सापडतो, आणि आपण मधले पुस्तक गाळून थेट मूळ ग्रंथाची तळटीप उचलतो. यामुळे सूची भरगच्च दिसते, पण मधल्या लेखकाने पान चुकवले असेल तर ती चूकही आपल्या नावावर येते.

हे किती सर्रास होते ते २००३ साली कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी मोठ्या चातुर्याने दाखवले. एका गाजलेल्या वैज्ञानिक लेखाचे सुमारे ४३०० उल्लेख त्यांनी पाहिले. त्यांपैकी १९६ उल्लेखांत खंड, पान किंवा वर्ष चुकलेले होते. पण या १९६ चुका वेगवेगळ्या नव्हत्या, त्यांचे प्रकार फक्त ४५ होते. पानाचा एक विशिष्ट चुकीचा आकडा तर ७८ वेळा आला होता. ७८ माणसे स्वतंत्रपणे मूळ लेख उघडून तंतोतंत तीच चूक करतील हे शक्य नाही. एकाने चूक केली आणि बाकीच्यांनी मूळ लेख न उघडता ती उतरवली.

आपल्याकडचे उदाहरण पेशवे दप्तराचे. मूळ कागद पुण्याच्या पुरालेखागारात आहेत, बहुतांश मोडी लिपीत, रुमालांत बांधलेले. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी त्यांतली निवडक पत्रे १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत प्रसिद्ध केली. ज्याने हे छापील भाग पाहिले त्याने भाग आणि पत्रक्रमांक द्यावा. ज्याने पुरालेखागारात बसून रुमाल सोडला आणि मोडी वाचली त्याने रुमाल क्रमांक द्यावा. दोन्ही कामे मानाची आहेत. छापील भाग वाचून ‘पेशवे दप्तर, पुणे’ असे लिहिणे मात्र खोटे आहे.

मूळ ग्रंथ खरोखरच मिळत नसेल तर लाजण्याचे कारण नाही. मूळ लेखकाचे नाव द्यावे आणि पुढे ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे लिहून आपण वाचलेल्या ग्रंथाचे पान द्यावे.

पुस्तकाबाहेरची साधने

आता साधने पुस्तकापुरती उरलेली नाहीत. मुलाखत घेतली असेल तर कोणाची, कुठे, कोणत्या तारखेला, आणि ध्वनिमुद्रण आहे का, हे नोंदवावे. बोलणाऱ्याची परवानगी घ्यावी आणि नाव उघड होऊ नये अशी त्याची इच्छा असेल तर ती पाळावी.

लोकसाहित्याच्या अभ्यासकाला तर हे विशेष लागू. जात्यावरच्या ओव्या पिढ्यान्‌पिढ्या बायका गात आल्या, पण कागदावर आल्या तेव्हा त्या ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली गेल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या, तेव्हा ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गावही नोंदले गेले. त्या नोंदीमुळे शेतात राबणारी, कधी शाळेत न गेलेली बाई ज्ञानाच्या व्यवहारात आपल्या नावानिशी उभी राहिली. संदर्भ देणे म्हणजे श्रेय देणे, हे याहून स्पष्ट कुठे दिसेल?

इंटरनेटवरच्या साधनाला लेखक, शीर्षक, संकेतस्थळाचे नाव, पूर्ण पत्ता आणि आपण ते पाहिल्याची तारीख द्यावी, कारण पान उद्या बदलू शकते. नियतकालिकातल्या लेखाला डीओआय हा कायमचा ओळख क्रमांक असेल तर तोच द्यावा, पत्ते बदलले तरी तो बदलत नाही. मराठी विश्वकोशाचा उपयोग बहुतेक जण करतात आणि संदर्भात नुसते ‘विश्वकोश’ लिहितात. तिथल्या नोंदींच्या शेवटी लेखकाचे नाव असते. ती नोंद त्याने लिहिली आहे, तेव्हा नाव त्याचे यावे.

यंत्राला जे दिसत नाही

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियम केले. प्रबंधातले साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि साठच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. रीतसर संदर्भासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश यांतले साम्य यात धरत नाहीत.

नियम आवश्यकच होते, पण त्यांच्यामुळे एक विचित्र सवय लागली. ‘माझे किती टक्के आले?’ हाच प्रश्न उरला. शब्द फिरवून टक्के उतरवून देणारे लोक उभे राहिले. साम्य शोधणारे यंत्र शब्दांशी शब्द जुळवते. इंग्रजी ग्रंथातला परिच्छेद मराठीत आणून आपल्या नावावर खपवला तर ते बहुधा गप्प बसते. मराठी प्रबंधांत ही उचल मी अनेकदा पाहिली आहे आणि मला ती सर्वांत जास्त खुपते. अनुवाद करणे कष्टाचे आहे, पण त्या कष्टाने विचाराची मालकी बदलत नाही. अनुवादित अवतरणालाही मूळ ग्रंथाचे पान हवे, आणि अनुवाद आपण केला असेल तर ‘अनुवाद प्रस्तुत संशोधकाचा’ असे लिहिता येते. त्याचे श्रेय तुमचेच आहे, ते घ्या.

आता संवाद साधणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. तिला संदर्भ मागितले की ती कधीकधी अस्तित्वातच नसलेले ग्रंथ आणि लेख अगदी खऱ्या वाटणाऱ्या नावांनिशी देते. न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी असे काल्पनिक निवाडे न्यायालयात सादर केले आणि जून २०२३ मध्ये त्यांना व त्यांच्या कार्यालयाला पाच हजार डॉलरचा दंड झाला. जो ग्रंथ तुम्ही हातात घेतला नाही किंवा पडद्यावर उघडला नाही तो सूचीत येता कामा नये, एवढा एक नियम पाळला तरी या संकटातून सुटका होते.

टिपणवहीपासून बांधणीपर्यंत

चांगली संदर्भसूची शेवटी तयार होत नाही, ती पहिल्या पुस्तकाबरोबर सुरू होते. पुस्तक उघडल्यावर मजकूर वाचण्याआधी शीर्षकपान आणि त्याच्या मागचे पान उतरवून घ्या: लेखक, संपादक किंवा अनुवादक, पूर्ण नाव, आवृत्ती, प्रकाशक, गाव, वर्ष. भ्रमणध्वनीवर त्या दोन पानांचे छायाचित्र काढले तरी चालेल. टिपण घेताना शब्दशः उतरवलेले वाक्य अवतरणचिन्हांत, सारांश चिन्हांविना आणि स्वतःचा विचार वेगळ्या रंगात लिहा. प्रत्येक टिपणाला पान क्रमांक द्या. हे तीन भेद वहीत पाळले नाहीत तर दोन वर्षांनी दुसऱ्याचे वाक्य आपलेच वाटू लागते. पुष्कळ वाङ्मयचौर्य अशा ढिसाळ वहीतून जन्माला येते.

झोटेरोसारखी मोफत संगणकप्रणाली संदर्भ साठवते आणि हव्या त्या घराण्याप्रमाणे सूची लावून देते. तिचा जरूर उपयोग करा. मात्र मराठी सूचीत मधेच इंग्रजी ‘अँड’ किंवा ‘एट अल’ डोकावतात, तिथे ‘आणि’, ‘व इतर’ असे हाताने करून घ्या. पुन्हा त्याच ग्रंथासाठी ‘तत्रैव’ वापरत असाल तर एक धोका ओळखा. मजकूर इकडचा तिकडे हलवला, मध्ये नवी टीप घातली, की ‘तत्रैव’ दुसऱ्याच ग्रंथाला चिकटते. म्हणून मसुदा पक्का होईपर्यंत आडनाव आणि छोटे ग्रंथनाम लिहावे, ‘तत्रैव’ शेवटी घालावे.

मांडणीबद्दल थोडक्यात. प्रबंध युनिकोडमध्येच टंकलिखित करा. जुन्या ठशांत टंकलेले देवनागरी दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन बसते आणि त्यात शोधही घेता येत नाही. आता प्रबंधाची प्रत ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात जाते. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवते. शोधता न येणारा प्रबंध तिथे असून नसल्यासारखाच. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली असतात म्हणून ओळींत दीडपट अंतर ठेवा. बांधणीच्या बाजूचा समास दीड इंच ठेवा, नाहीतर अक्षरे शिवणीत जातात. मथळ्यांसाठी लेखनप्रणालीतली ठरलेली शैली वापरा म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि पाने बदलली की तीही बदलते. लांब अवतरण वेगळ्या परिच्छेदात, डावीकडे जागा सोडून द्या.

शेवटी दोन दिवस राखून ठेवा आणि ते फक्त ताळमेळासाठी वापरा. मजकुरातला प्रत्येक संदर्भ सूचीत आहे का आणि सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात आली आहे का, हे एकेक खूण करत तपासा. मग कोणतेही दहा संदर्भ निवडा, ते ग्रंथ पुन्हा उघडा आणि दिलेल्या पानावर ते वाक्य आहे का ते पाहा. दहात दोन चुका सापडल्या तर उरलेले सगळे तपासावे लागतील. कंटाळवाणे काम आहे, पण याला पर्याय नाही.

प्रबंध लिहिणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो, तुमचा पहिला खरा वाचक परीक्षक नसेल. दहा-वीस वर्षांनी एखाद्या लहान गावातल्या महाविद्यालयातली मुलगी तुमच्याच विषयावर काम करायला बसेल. तिच्याजवळ मोठे ग्रंथालय नसेल, सल्ला देणारे कोणी नसेल, फक्त शोधगंगेवरून उतरवून घेतलेला तुमचा प्रबंध असेल. ती तुमच्या तळटीपांचे बोट धरून मूळ ग्रंथापर्यंत जाईल. ती जाईल तिथे ते पान असले पाहिजे. त्यासाठी आज शीर्षकपान उलटा आणि तपशील उतरवून घ्या.